ज्याला दुखत नाही, त्याच्या हातात सुरी?

आज मैत्रिणीने पुस्तक परत दिलं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला एक सर्जन, ज्याला वेदनाच जाणवत नाहीत, त्याच्यावरची कादंबरी. म्हणाली, "ऑपरेशनला असाच माणूस हवा गं. हात थरथरायचा प्रश्नच नाही." तेव्हापासून डोकं भणभणतंय. मला वाचताना सगळा वेळ त्याच्या टेबलावरच्या रोग्याची भीती वाटत होती!

आईच्या पायाची जखम चिघळली होती, तेव्हा रोज ड्रेसिंग असायचं. डॉक्टर यायचे आणि वाळून चिकटलेलं गॉज एका झटक्यात ओढायचे. आई किंचाळली की म्हणायचे, "एवढं काय दुखतंय?" त्यांचाही हात थरथरत नव्हता. काय करायचंय तो स्थिर हात घेऊन?

बरं, तेव्हा भूल नव्हती, मान्य. ईथर देऊन केलेलं ते गाजलेलं जाहीर ऑपरेशन बोस्टनला झालं १८४६ मध्ये. त्याआधी रोग्याला धरून ठेवायचं आणि सर्जनने भराभर उरकायचं. किंकाळी ऐकून सुरी टाकणारा माणूस तिथे कामाचा नव्हता, एवढं मलाही कळतं.

पण फॅनी बर्नी आठवा. या लेखिकेचा स्तन १८११ मध्ये पॅरिसला भूल न देता कापून काढला, तो नेपोलियनचा नावाजलेला सर्जन लारे याने. नंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने त्याचा चेहरा लिहून ठेवलाय. तिच्याइतकाच पांढराफटक, रक्ताने माखलेला, दुःख आणि धास्तीने भरलेला. कळत होतं त्याला! तरी हात चालला, आणि ती पुढे २८ वर्षं जगली.

आणि वेदना न जाणवणं म्हणजे वरदान? अशी मुलं खरोखर जन्माला येतात. दात आले की स्वतःचीच जीभ चावतात, हाड मोडलं तरी त्याच पायावर चालत राहतात.

आईच्या त्या डॉक्टरांवर किती पेशंटचा भार होता, मला माहीत नाही. थकले असतील. आता राग थोडा निवलाय, म्हणून लिहितेय.

पण रात्रपाळीला एक सिस्टर असायच्या. गॉजवर सलाइन ओतून थांबायच्या. "मावशी, आपोआप सुटू दे, घाई नाही." हळूहळू सोडवताना त्यांचेच ओठ घट्ट मिटलेले असायचे. दुखायचं तेव्हाही. पण आई ओरडायची नाही, आणि सकाळी उठल्यावर मला पहिलं विचारायची, "आज रात्री त्याच आहेत ना गं?"