नाना, तुमचे वस्ताद किती बोलायचे?

नमस्कार.

मागच्या लेखाखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. नावाच्या जागी नुसतं 'भुसावळकर' आहे. तरुणपणी तालमीत घाम गाळला, मग रेल्वेत नोकरी केली, आता रिटायर, असं लिहिलंय. म्हणजे वयाने मोठे आहात, म्हणून नाना म्हणतो. राग नसावा.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गोल्फ शिकवणाऱ्यांवर मी लिहिलं होतं की जो प्रो (शिकवणारा व्यावसायिक) कमी बोलतो तो चांगला. फटका मोजणाऱ्या रडार यंत्रांविरुद्धही थोडं लिहिलं होतं. त्यावर नानांनी तीन फटके दिले. पहिला: "इथे हंड्याला पाणी नाही आणि तुम्हाला गोल्फ सुचतंय." दुसरा: "गुरूने गप्प बसावं हे आळशी शिष्याचं तत्त्वज्ञान आहे. आमचे वस्ताद शंभर वेळा पाय धरून सरळ करायचे, तेव्हा कुठे पठ्ठ्या तयार व्हायचा." आणि तिसरा: "चेंडू क्लबच्या वाटेने निघतो हे तुमचं वाक्य साफ चूक आहे. माझा मुलगा पुण्यात रडारवर शिकतो, त्याला विचारा."

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी चितपट आहे.

नाना, तुमच्या मुलाचं बरोबर आहे. मी जे लिहिलं ते मला पंचवीस वर्षांपूर्वी शिकवलं गेलं होतं आणि मी ते तसंच पुढे ढकललं. तेव्हा बहुतेक कोच हेच सांगायचे: क्लब, म्हणजे गोल्फची काठी, ज्या वाटेने फिरतो त्या दिशेने चेंडू निघतो, आणि क्लबफेस, म्हणजे काठीचा चेंडूला लागणारा सपाट भाग, जिकडे बघतो तिकडे तो शेवटी वळतो. खरा प्रकार जवळजवळ उलटा आहे. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबफेस जिकडे बघतो तिकडे. आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) असेल तर साधारण पाऊण हिस्सा क्लबफेसचा, ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) असेल तर त्याहूनही जास्त. वळण किती पडणार हे क्लबफेस आणि क्लबची वाट यांच्यात किती फरक आहे त्यावर ठरतं. फटका मोजणारी रडार यंत्रं बनवणारी डेन्मार्कची ट्रॅकमॅन कंपनी 2003 साली निघाली. अशी यंत्रं रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, पोहोचली आणि चेंडू कुठून निघाला, क्लब कुठून आला हे प्रत्येक फटक्याला आकड्यात दिसायला लागलं. मग जुना नियम टिकेना.

या जुन्या नियमाचा मार मी स्वतः खाल्लाय. पुण्यात नोकरीला असताना एका कोचकडे जायचो. एकदा चेंडू आणि झेंडा (भोकाची खूण) यांच्या मधोमध आंब्याचं झाड आलं. कोच म्हणाला, क्लबफेस झेंड्याकडे ठेव आणि स्विंग झाडाच्या उजवीकडून काढ. चेंडू उजवीकडून निघेल आणि वळून झेंड्यापाशी येईल. मी तसंच केलं. चार चेंडू मारले, चारही खोडावर. क्लबफेस झाडाकडेच बघत होता, चेंडू दुसरीकडे जाणार कसा? पण त्या दिवशी दोष निघाला माझ्या मनगटांचा. पुढचे दोन महिने मी मनगटं दुरुस्त करत बसलो, ज्यांना काही झालंच नव्हतं.

नवशिक्यांच्या स्लाइसचंही तेच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वाकतो. तो बिचारा मग डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि आणखी डावीकडे ओढून मारतो. क्लबची वाट डावीकडे सरकते, क्लबफेस उघडाच राहतो, दोघांतलं अंतर वाढतं आणि चेंडू आधीपेक्षा जास्त वाकतो. ज्या कोचला चेंडूचं गणित ठाऊक नाही तो अशा माणसाला वर्षभर उभं कसं राहायचं तेच शिकवत बसेल. तेव्हा कमी बोलणाऱ्याला आधी खरं काय ते माहीत असायला हवं, ही भर माझ्या लेखात हवी होती. चेंडूच्या वाटेचं ते चुकीचं वाक्य मी आज खोडलंय आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय.

पाण्याचं म्हणाल तर वाद घालत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे हिरवळ पोसायला पाणी मागणारा माणूस येडाच. पण गोल्फला हिरवळ लागतेच असं नाही. आपल्या देशात लष्कराच्या छावण्यांत आणि कोरड्या गावांत कित्येक वर्षं 'ब्राऊन'वर खेळ झालाय. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, जागी तेल मिसळून दाबलेली वाळू, आणि तिच्यावर पटिंग, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलणं. मी तर कपाशी निघाल्यावर, पऱ्हाटी उपटलेल्या मोकळ्या वावरात काथ्याची चटई टाकून मारतो. पाणी लागतं ते फक्त मला प्यायला. (आपल्या लोकांना गोल्फ म्हटलं की नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवतं, आणि तिथे जाऊन बघावं तर क्रिकेट चाललेलं असतं. असो.)

आता वस्तादांकडे येतो. खरी कुस्ती इथेच आहे.

तुम्ही लिहिलंय, वस्ताद शंभर वेळा पाय धरून सरळ करायचे. नाना, हे वाक्य तुम्हीच पुन्हा वाचा. ते पाय धरायचे. भाषण करायचे का? "डावा गुडघा इतका वाकव, कंबर अशी फिरव, खांदा खाली, मान आत, श्वास सोड," असं एका दमात सांगून लढ म्हणायचे का? मी लहानपणी यात्रेतल्या दंगली पाहिल्यात, तालमीच्या दारातही उभा राहिलोय. तिथे ऐकू यायचे ते एकेक शब्द. "दाब." "खाली." "सोडू नको." आणि एकच डाव आठवडाभर. मी ज्याला कमी बोलणं म्हणतो ते हेच आहे. न शिकवणं मी कुठेच म्हटलेलं नाही. तसं वाटलं असेल तर लिहिताना मी घसरलो.

उलट तुमच्या बाजूचा एक साक्षीदार मीच उभा करतो. जॅक निक्लॉस, ज्याच्या नावावर अठरा मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) आहेत, तो दहा वर्षांचा असताना 1950 साली ओहायोत जॅक ग्राउट या प्रोकडे शिकायला लागला. पोराचं डोकं स्विंगमध्ये हलायचं. ग्राउटने काय करावं? आपल्या मदतनिसाला समोर उभं केलं आणि पोराचे केस धरून ठेवायला लावले. डोकं हललं की केस ओढले जायचे. रडू यायचं म्हणे पोराला. तुमच्या वस्तादांना हा माणूस नक्की आवडला असता! पण बघा, इथेही गोष्ट एकच होती, डोकं. बाकी ग्राउटचं सांगणं असं की आधी जोरात मार, सरळ मारणं नंतर बघू. निक्लॉस जगातला पहिल्या नंबरचा झाल्यावरही दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला ग्राउटकडे जाऊन पहिल्या धड्यापासून सुरुवात करायचा.

दुसरा साक्षीदार मात्र माझा. टेक्सासमधल्या ऑस्टिनचे हार्वी पेनिक. कॅडी (खेळाडूच्या काठ्या वाहणारा) म्हणून सुरुवात केली आणि अख्खं आयुष्य एकाच गोल्फ क्लबात शिकवण्यात घालवलं. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघंही नामी खेळाडू त्यांचेच चेले, जवळजवळ एकाच वयाचे. एकाचा धडा चालू असताना दुसऱ्याला ते बघू द्यायचे नाहीत. कारण साधं होतं: काइटचं औषध क्रेनशॉला लागू पडलं नसतं. नाना, तुमचे वस्ताद सहा फुटी पोराला आणि बुटक्या दणकट पोराला एकच डाव द्यायचे का? एकाला ढाक, दुसऱ्याला पट, असंच ना?

पेनिक 2 एप्रिल 1995 ला वारले. त्याच्या काही दिवस आधी क्रेनशॉ भेटायला गेला होता. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, तरी पटर (पटिंगची काठी) हातात घ्यायला लावून पटिंगचा छोटासा धडा दिला. अंत्यविधीला खांदा देऊन क्रेनशॉ खेळायला गेला आणि 9 एप्रिलला मास्टर्स ही मेजर स्पर्धा जिंकला.

आता तुम्ही म्हणाल, ही थोरामोठ्यांची गोष्ट झाली. म्हणून माझ्याच फजितीची सांगतो.

गेल्या दिवाळीत पुतण्या वावरात आला. मलाही शिकवा म्हणाला. मी दहा मिनिटांत त्याला ग्रिप, पाय, पाठीचा कणा, डावं कोपर, बॅकस्विंग, वजन आणि डोकं अशा सात गोष्टी सांगितल्या. त्यानंतर त्याला चेंडूच लागेना. ढेकळं उडाली, धूळ उडाली, चेंडू जागेवर. पोरगं विटीदांडूत गावात कुणाला ऐकत नव्हतं, आणि इथे पुतळा झालं.

याचं कारण मी नंतर शोधलं. वरून खाली येणारा स्विंग साधारण पाव सेकंदात संपतो. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. पाव सेकंदात माणूस सात गोष्टी आठवणार कधी आणि दुरुस्त करणार कधी? गॅब्रिएले वुल्फ या संशोधक बाईंनी 1999 साली नवशिक्यांवर प्रयोग केला होता. छोट्या पिच फटक्यासाठी काहींना सांगितलं, हात कसे फिरतात तिकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, क्लब कसा झुलतो तिकडे लक्ष द्या. क्लबकडे बघणारे जास्त अचूक मारायला लागले, आणि नंतर सूचना न देता पुन्हा घेतलं तरी तेच पुढे राहिले. म्हणजे कोचने किती सांगितलं याच्याइतकंच लक्ष कुठे लावलं याला महत्त्व आहे. अंगात, की अंगाबाहेर.

मग मी पेनिक यांची युक्ती उसनी घेतली. पुतण्याला म्हटलं, चेंडू विसर, टी उडव. खाली जी लाकडी काडी खोचलीय ना, ती. तिसऱ्या फटक्याला चेंडू बांधाच्या पार लिंबाच्या झाडापर्यंत गेला. पोरगं हसून म्हणालं, "काका, तुम्ही गप बसले ना, मंग बरोबर लागतो."

ग्रिप मात्र मी सुधारून घेतली, बोटं धरून, अगदी तुमच्या वस्तादांसारखी. ती सवय चुकीची बसली की पुढे निघता निघत नाही. ओव्हरलॅप (एक बोट दुसऱ्या हातावर टेकवून), इंटरलॉक (बोटं एकमेकांत अडकवून), दहा बोटांची, कुठलीही चालेल. निक्लॉसचे हात लहान म्हणून तो इंटरलॉक धरायचा. पण क्लबफेस हातात आहे की नाही हे तिथेच ठरतं. आणि तुमच्या तिसऱ्या मुद्द्यानंतर तर मला ते जास्तच पटलंय.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता: पूर्ण स्विंग मोडून नवा बांधणाऱ्या कोचचं काय? डेव्हिड लेडबेटरने निक फाल्डोचा स्विंग 1985 च्या सुमाराला पार उकलला. दोनेक वर्षं फाल्डो चाचपडत होता, लोक हसत होते. मग 1987 च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होलला पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांत, खेळून तो जिंकला. म्हणजे हेही चालतं. पण फाल्डोचं पोट त्या खेळावर होतं, आणि दिवसभर चेंडू मारायला त्याला वेळ होता. रविवारी दोन तास काढून येणाऱ्या माणसाचा स्विंग जेव्हा कुणी पायापासून उकरायला घेतो तेव्हा मला त्या माणसाच्या खिशाची काळजी वाटते. घर पाडायला आठवडा पुरतो.

रडारविरुद्ध मी लिहिलं ते अर्धं मागे घेतो. यंत्र खोटं बोलत नाही, आणि मला आंब्याच्या झाडापासून त्यानेच सोडवलं असतं. अर्धं मात्र ठेवतो. रेंजवर मी पोरं पाहिलीत, फटका मारला की चेंडूकडे बघत नाहीत, पडद्याकडे वळतात. त्यावर वीस-पंचवीस आकडे असतात. मग पुढच्या फटक्याला डोक्यात वीस-पंचवीस आकडे.

तेव्हा नाना, तुमच्या मुलाला माझ्या वतीने एवढंच विचारा: त्याचा कोच तो पडदा मुलाच्या बाजूला फिरवून ठेवतो, की स्वतःच्या?