बर्माचा उडीद आणि दोन ब्लँकेटं

सकाळपासून डोकं फिरलंय. पापडासाठी उडीद डाळ आणायला रविवार पेठेत गेलो होतो. शेजारी एक काका तावातावानं बोलत होते, "भूकंप झाला तर म्यानमारला विमानं भरून पाठवली आपण. त्यांनी आपल्याला काय दिलं?" मी पोत्याकडे बोट दाखवून दुकानदाराला विचारलं, "अण्णा, हा उडीद कुठला?"

"बर्मा की हो! अजून कुठला?" बर्मा म्हणजेच म्यानमार.

काकांनी त्याच पोत्यातली पाच किलो तोलून घेतली.

अहो, २०२१ ला पाच वर्षांचा करारच झाला होता. वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तिकडून यायची. मार्च २०२५ च्या भूकंपानंतर पहिलं विमान गेलं १५ टनांचं. पेठेत रोज उभा असतो तो एक ट्रक! पुढे जहाजं गेली, मंडालेत आपल्या सैन्याचं हॉस्पिटल उभं राहिलं. अभिमान आहेच. पण उपकार कसले?

२०१९ चा पूर आठवतोय ना? आमच्या निपाणीकडे वेदगंगा नदीनं यमगर्णीजवळ हायवे बंद पाडला होता. आमच्या खोलीतली तंबाखूची पोती भिजली. दरवर्षी आमचा माल घेणारा व्यापारी दोन ब्लँकेटं घेऊन आला. बाबांना दारात उभं करून फोटो काढला. पंधरा दिवसांनी परत आला, मूठभर माल चुरगाळून नाकाशी धरला. "वास येतोय. निम्म्यानं घेतो." ८१ साली निपाणीच्या आंदोलनात तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसलेले माझे बाबा. मान हलवली फक्त.

आणि आपण? २०१७ ला तूर-उडदाच्या आयातीवर एकाएकी मर्यादा घातली, बर्मातल्या शेतकऱ्याचा भाव कोसळला. आपला क्रम तेवढा उलटा. आधी भाव पाडला, ब्लँकेट नंतर. इथल्या शेतकऱ्यासाठी केलं, मान्य. मीही त्याच घरातला. भूकंपावेळी तिथे लष्कराची राजवट होती, मदत गरिबापर्यंत किती पोचली कुणास ठाऊक, तेही मान्य. पण पाठवलेले टन मोजता, तर आणलेलेही मोजा की!

काकांशी भांडलो नाही. वयानं मोठे, आणि पिशवी उचलताना हात थरथरत होते. माझीच पिशवी खाली ठेवून त्यांची रिक्षात ठेवून दिली.

व्यापाऱ्यानं दिलेल्यातलं एक ब्लँकेट अजून आहे. गावी ट्रॅक्टरच्या सीटवर अंथरलेलं असतं. बाबा त्यावर बसतात, पांघरत मात्र कधीच नाहीत.