‘पुढे जा’ कुठे आहे?

उपाशीपोटी रक्त द्यायचे म्हणून सकाळीच नौपाड्यातल्या एका तपासणी केंद्रात गेलो, तर कागदी अर्ज बंद झाला असून भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून फोनवरच नोंदणी करावी लागेल, असे सांगण्यात आले. माझ्या फोनवर अक्षरे मोठी करून ठेवलेली असतात, कारण चष्मा नेमका गरजेच्या वेळी घरी असतो. त्या पानाला हे मान्य नव्हते. ‘मधुमेह आहे का?’ ही ओळ ठरावीक उंचीच्या चौकटीत कोंबल्यामुळे उकार खालून कापला गेला होता आणि केंद्र मला ‘मधमेह आहे का?’ असे विचारत होते. ‘पुढे जा’ हे बटण तर पडद्याबाहेरच गेले होते, आणि दोन बोटांनी पान लहान-मोठे करण्याची सोय कोणीतरी मुद्दाम बंद करून ठेवली होती.

“सर, बाकी सगळ्यांचं होतंय,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचे एक वयस्कर गृहस्थ माझ्या फोनमध्ये डोकावले.

“अक्षरं एवढी का वाढवलीत?”

“वाचता यावीत म्हणून, काका.”

“चुकलं तुमचं. अक्षरं कंपनीनं दिली तशीच ठेवायची. डोळे आपले, त्यांची सोय आपण करायची.”

असे म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून, रुमालात गुंडाळलेले चांगले वाटीएवढे भिंग काढले, माझ्याकडून अक्षरे अगदी बारीक करून घेतली आणि भिंग पडद्यावर धरून माझा अर्ज खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. बटण दिसू लागले होते, हे मान्य करायला हवे. पण त्याबरोबर माझी प्रकृतीही सर्वांना दिसू लागली. “पोट साफ होतं का? रोज, की दिवसाआड? मद्यपान? इथे ‘क्वचित’ असा पर्याय आहे, तोच लावू ना?” समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी माझ्याकडे ‘क्वचित’वर विश्वास नसल्यासारखे पाहिले.

मला राग येण्याचे कारण असे की मी स्वतः ऐरोलीत वेब पाने रचण्याच्याच धंद्यात आहे आणि काकांच्या भिंगाचे काम पानानेच करावे, ही सोय या माध्यमाच्या मुळातच आहे. हाकोन विउम ली यांनी १९९४ साली सीएसएसचा, म्हणजे वेब पान कसे दिसावे हे सांगणाऱ्या भाषेचा, पहिला प्रस्ताव मांडला, तेव्हा पानाच्या रूपावर रचणाऱ्याचा किती टक्के अधिकार आणि वाचकाचा किती, हे आकड्यांत सांगण्याची तरतूद त्यात होती. ते टक्के पुढे गळाले. तरी १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, दोघांनीही हट्टाने ‘इम्पॉर्टंट’ म्हटले तर शब्द वाचकाचा चालेल, असे ठरले. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आकार बदलणाऱ्या रचनेचा रीतसर पुरस्कार केला. अक्षरे दुप्पट केली तरी मजकूर किंवा सोय हरवता कामा नये, असे सुगम्यतेचे जागतिक निकषही सांगतात. हे साधायला काही दिव्य करावे लागत नाही: मापे पिक्सेलऐवजी रेम या एककात द्यावीत, म्हणजे वाचकाने निवडलेल्या अक्षराबरोबर ती वाढतात, आणि चौकटीची उंची बांधून टाकू नये. देवनागरीत तर मात्रा वर आणि उकार खाली असल्यामुळे ओळीला जास्त जागा लागते, पण पुष्कळांचा हिशेब रोमन अक्षरांवरच संपतो.

प्रत्यक्षात आमच्या बैठकांत नव्या कोऱ्या फोनवर, तिशीच्या आतल्या डोळ्यांनी पान पाहिले जाते, मूळ चित्रापासून एक पिक्सेलही हलला नाही म्हणून सर्व जण खूश होतात आणि अक्षरे वाढवून पाहा असे सुचवणाऱ्याला “असं कोण करतं?” असे विचारले जाते. उपाशीपोटी ताटकळणारी माणसे करतात, हे उत्तर मला बैठकीत कधी सुचत नाही.

संध्याकाळी अहवाल फोनवर आला, तो छापील कागदाच्या अंधुक छायाचित्राच्या रूपात, ज्यातली अक्षरे मोठी केली की आणखी पुसट होतात. माझी साखर ११८ आहे की १७८, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.