खाजकुयली, दूध आणि कंपवाताची गोळी

गुहागर-दापोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मजकूर असा: ‘कुंपणावरच्या खाजकुयलीत नैसर्गिक डोपामिन असतं. बियांचं चूर्ण रोज पेलाभर दुधातून घ्या. कंपवात (पार्किन्सन्स) मुळासकट जातो, अपाय काही नाही, इंग्रजी गोळ्या बंद करा.’

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, म्हणून तर बाकीचं खपतं. या बियांत कामाचं असतं ते डोपामिन नव्हे, लेव्होडोपा; साधारण ४ ते ६ टक्के. डोपामिन म्हणजे हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, कंपवातात तेच कमी पडतं; पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. आता गंमत बघा, ‘इंग्रजी’ गोळीतही हाच लेव्होडोपा असतो, शिवाय तो वाटेतच खर्ची पडू नये म्हणून कार्बिडोपा. चूर्णात ही सोय नाही.

दुधाचा सल्ला तर साफ उफराटा. लेव्होडोपा हे अमिनो आम्लच, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्यांच्याच जातीतलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या आवरणात लॅट-१ नावाचं वाहक प्रथिन असतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारखं त्याचं काम: जागा मोजकी, आणि जाताना भरलेली तशी परतताना पण भरलेली. एक अमिनो आम्ल आत घेताना दुसरं बाहेर सोडायचं. ल्यूसिन, व्हॅलिन, फेनिलअॅलनिन, टायरोसिन ही बाकीची अमिनो आम्लंही याच धक्क्यावर उभी असतात, आणि पेलाभर दुधातलं सहा-सात ग्रॅम प्रथिन पचलं की हीच मंडळी रक्तात येतात. लेव्होडोपा मागे राहतो. आतड्याच्या भिंतीतही अशीच चढाओढ, फक्त तिथले वाहक वेगळे.

आजार नवा असताना बऱ्याच जणांना हे जाणवत नाही. काही वर्षं गेली की जाणवतं. बांगड्याचं कालवण-भात आणि गोळी एकाच वेळी घेतलं, तर दुपारी सदऱ्याचं बटण लागत नाही, उंबऱ्यापाशी पाऊल अडतं. घरचे म्हणतात, गोळी लागूच पडत नाही. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास तरी घ्यायला सांगतात. मळमळलं तर सोबत भाताची पेज चालते, दूध नको. मासे मात्र सोडू नका. वजन घटलं तर नवीच कटकट. प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यायचा की नाही, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मुळासकट जातो? नाही. लक्षणं काही तास आवरतात, मेंदूतल्या पेशींची झीज चालूच राहते. लंडनमधल्या २००४ च्या अभ्यासात ८ रुग्णांना ३० ग्रॅम चूर्ण दिलं, तेव्हा परिणाम गोळीपेक्षा लवकर दिसला, हे खरं. पण ते प्रमाणित केलेलं चूर्ण होतं, कुंपणावरून ओरबाडलेल्या शेंगांचं नव्हे.

अपाय नाही म्हणणाऱ्याने उलट्या, उभं राहताना येणारी चक्कर, भास आणि आपसूक होणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली कशात धरल्या कोण जाणे. लेव्होडोपा जास्त झाला की हे सगळं होतं, मग तो शेंगेतला असो की गोळीतला.

आणि गोळी एकाएकी बंद करणं सगळ्यात वाईट. तीव्र ताप, अंग ताठरणं, शुद्ध हरपणं इथवर जातं, जीवावरही बेततं. घरात कोणी चूर्ण आधीच घेत असेल, तर गोळीत हात न घालता न्यूरॉलॉजिस्टना सांगा, आणि चूर्णाची पुडी बरोबर न्या.