तोंड मिटून घेणाऱ्या लेकराच्या बाजूने

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दीड-दोन वर्षांचं लेकरू. एकाने मागून त्याचे हात धरलेत, दुसऱ्याने गाल दाबून तोंड उघडलंय आणि चमचा आत. पोराला उमासे येतायत आणि मागून हसण्याचे आवाज. खाली हसऱ्या इमोजींची रांग. "असं केलं नाही तर हा उपाशीच राहील." दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला असंच भरवलेलं मी पाहिलंय. (त्याला विचारूनच लिहितेय.) मऊ, एकजीव असेल ते तो खायचा. त्यात एखादी गुठळी आली, गाजराचा तुकडा आला की संपलं. घास गालात धरून बसायचा, कितीही वेळ. आंघोळीच्या वेळी आई गालात बोट घालून तो चोथा झालेला गोळा बाहेर काढायची. सगळ्यांचं निदान एकच, पोरगं हट्टी आहे. मग नाक दाबायचं, श्वासासाठी तोंड उघडलं की घास ढकलायचा. ओकला की धपाटा, आणि पुन्हा तेच ताट.

आज तो चाळिशीला आलाय. बोटांवर मोजता येतील एवढेच पदार्थ खातो, सगळे मऊ, सगळे फिक्या रंगाचे. फळ नाही, पालेभाजी नाही. कुणाकडे जेवायला बोलावलं तर घरून खाऊन निघतो. रक्तात लोह कमी, पोट कायम बिघडलेलं. आणि लोक अजूनही त्याला तोंडावर म्हणतात, "एवढा घोडा झालास, नखरे कसले?"

नखरे नाहीत हो ते! पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं. नंतर वाढीचा वेग उतरतो, वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो. मग भूक कमी होणारच. त्यातच दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी पदार्थाची भीती सगळ्यात जास्त असते. एखादी नवी चव मुलाने आपलीशी करायला ती 8-10 वेळा, कधी 15 वेळाही समोर यावी लागते. तीही जबरदस्ती न करता. आपल्याला दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंतही धीर धरवत नाही.

भावाला पार दीड वर्षाचा होईपर्यंत सगळं वाटून, गाळून दिलं जायचं, घशात अडकेल म्हणून. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात 1991-92 च्या सुमारास जन्मलेल्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना नऊ महिन्यांनंतरच गुठळ्या-तुकडे असलेलं अन्न सुरू झालं, ती सातव्या वर्षी फळं-भाज्या कमी खात होती आणि त्यांच्या खाण्याच्या तक्रारीही जास्त होत्या. म्हणजे चावायला शिकायचं वय आम्ही हातचं घालवलं, आणि चावत नाही म्हणून मारही त्यालाच.

जनुकांचा भाग असतो, मान्य. जुळ्यांच्या अभ्यासांत तो भरपूर दिसलाय. माझा भाऊ कदाचित कसाही वाढला असता तरी चोखंदळच झाला असता. पण चोखंदळ असणं वेगळं आणि ताट समोर आल्यावर तळहाताला घाम फुटणं वेगळं. पहिलं तो जन्माला येताना घेऊन आला असेल. दुसरं आम्ही दिलं.

आईवर माझा राग नाही. तिच्याकडे बघितलं की अजून पोटात तुटतं. येणारा-जाणारा म्हणायचा, "पोर वाळलंय, खायला घालतेस की नाही?" प्रत्येक न गिळलेला घास तिच्या नावावर जमा. बिचारी रात्री वाटी घेऊन झोपेतल्या पोराच्या तोंडाला लावायची. तिला कुणी एकदा तरी विचारलं का, की बाई, तू जेवलीस का? माझा राग आहे तो त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. आज ते ग्रुपवर आहेत, एवढाच फरक.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी हे केव्हाचं सांगून ठेवलंय. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. यात लाड कुठे आले? त्याच्यासाठी वेगळं शिजवा असं कुणी म्हणत नाहीये. ताटाच्या कडेला एक तुकडा ठेवा, तुम्ही तोच चवीने खा आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नका. मोबाइल लावून भरवलं की पोट भरतं, हेही खरं. पण काय गिळलं हे त्या पोराला कळतच नाही, मग चव ओळखीची होणार कशी?

2013 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत 'एआरएफआयडी' (खाणं टाळण्याचा किंवा फार मोजकंच खाण्याचा विकार) नावाने या त्रासाची अधिकृत नोंद झाली. बारीक होण्याच्या वेडापायी नव्हे, तर अन्नाचा स्पर्श, वास किंवा घास अडकण्याची भीती यांमुळे खाणं इतकं आक्रसतं की तब्येतीवर आणि रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. मोठ्यांनाही असतो तो. भावाने वाचलं आणि मला फोन केला. "ताई, माझ्यासारखे आणखी आहेत गं." पुढे कितीतरी वेळ तो बोललाच नाही.

बहुतेक मुलं साध्या चोखंदळपणातून आपोआप बाहेर पडतात, हेही लिहून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये तेच ऐकवाल. पण पिताना-गिळताना ठसका लागत असेल, वजन वाढायचं थांबलं असेल, पूर्वी खात असलेले पदार्थ एकेक करून सुटत असतील, रोजचं जेवण म्हणजे रडारड असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि गिळण्या-चावण्याची तपासणी मागून घ्या. वेळेआधी जन्मलेल्या किंवा नळीने दूध घेतलेल्या बाळांच्या बाबतीत तर जरा लवकरच. आणि नुसतं वजन बघून "होईल मोठा झाल्यावर" म्हणत घरी पाठवलं, तर दुसरे डॉक्टर गाठा.