चारी बाजूंनी काच का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

बाब, लेहच्या थंडीतल्या ग्रीनहाऊसवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की लेहच्या ग्रीनहाऊसला उत्तरेकडून मातीची जाड भिंत घातली की अर्धा उजेड गेला, त्यापेक्षा चारी बाजूंनी काच लावली तर ऊब जास्त मिळेल, पाण्याचे ड्रम नुसती जागा अडवतात, आणि गोव्यात बसून थंडीवर लिहायचं कशाला.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे माझी चूक आहे. ऊन सरळ पडावं म्हणून दक्षिणेकडच्या काचेचा उतार जमिनीपासून साधारण 57 अंश ठेवा असं लिहिलं, पण तो लेहसाठी आहे हे लिहायचं राहिलं. 22 डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी लेहला सूर्य जेमतेम 32 अंश वर असतो, पणजीत 51. आपल्याकडे तर पॉलीहाऊसमधली गरमी बाहेर घालवता घालवता जीव जातो. लेखात आजच दुरुस्ती करतो.

भिंतीचं मात्र मी सोडणार नाही. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवून नैऋत्येला मावळतो, उत्तरेच्या काचेवर थेट ऊन पडतच नाही आणि रात्रभर ऊब मात्र तिच्यातूनच निसटते. ऊन पकडणं सोपं आहे हो, पणजीच्या मिरामारला दुपारी काचा बंद करून लावलेली गाडी बघा, स्टिअरिंगला हात लावायची सोय नसते, पण सूर्य बुडाला की थोड्या वेळात ती निवते कारण आत ऊब धरून ठेवणारं जड असं काही नाहीच. उलट आमच्या घराची पश्चिमेकडची चिऱ्यांची भिंत, जेवणं आटपून रात्री नऊला पाठ टेकली तरी कोमट लागते, आजी थंडीच्या दिवसांत तिथेच पाट टाकून बसायची. लेहला रात्री पारा उणे 15 च्याही खाली जातो, तिथे हीच भिंत दुहेरी बांधून मधे भुसा किंवा पेंढा भरतात, म्हणजे दिवसा आतल्या बाजूने प्यायलेलं ऊन रात्री आतच परत येतं.

ड्रम जागा अडवतात, खरंय. पण 200 लिटरचा एक ड्रम दिवसा तापून रात्री 10 अंशांनी निवला तरी सव्वादोन युनिटांहून थोडी जास्तच ऊब देतो, म्हणजे हजार वॉटचा हीटर दोन तासांहून जास्त चालवल्यासारखं, बिलाशिवाय.

रोपं दक्षिणेकडे झुकतील ही तुमची शंका रास्त आहे. त्यासाठी भिंतीचा वरचा भाग आतून चुन्याने पांढरा करायचा, काळे ड्रम खाली उन्हात, आणि ट्रे दोन दिवसांनी फिरवायचे. हेही लेखात घालतो.