ई-२२० मध्ये ३.२चं इंजिन "दोन वीकेंडमध्ये"? थांबा राव जरा

पुण्यातल्या जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मर्सिडीजची जुनी ई-२२० घ्या (या मॉडेलचं कंपनीतलं नाव डब्ल्यू१२४), त्यातलं २.२ लिटरचं चार सिलिंडरवालं मरतुकडं इंजिन काढा, ई-३२०चं ३.२ लिटरचं सहा सिलिंडर टाका, सगळं बोल्ट-ऑन आहे, दोन वीकेंडचं काम, पोर्शेनेही हेच केलं होतं, आरटीओला काही कळत नाही आणि गाडीची किंमत डबल. तीन जणांनी मलाच पाठवला, म्हणून लिहितोय.

आधी ते "मरतुकडं". १९९५ला इथेच, टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या आवारात जुळायला लागलेल्या ई-२२०ला १५० हॉर्सपॉवर होती हो, रस्त्यावर तेव्हा मारुती ८०० धावत होत्या! ३.२ला २२० आहे आणि टॉर्क २१० वरून ३१० न्यूटन मीटरवर जातो, फरक जाणवतो, नाही कोण म्हणतंय. पण कर्वे रोडच्या सिग्नलांत तो वापरणार कुठे?

आता बोल्ट-ऑन. यात अर्धं खरं आहे आणि तेच घात करतं. डब्ल्यू१२४चं बॉनेट पहिल्यापासून सरळ सहा सिलिंडर धरूनच आखलंय, त्यामुळे इंजिन आत बसतं, वाद नाही. पण इंजिन बसलं म्हणजे गाडी झाली असं नाही ना. चार सिलिंडरवाल्या गाडीचा रेडिएटर लहान, तो मोठा घ्या, नाहीतर मे महिन्यात खंबाटकी चढताना काटा बघतच चालवाल. डिफरेंशियलचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गिअरचा रेशो छोट्या इंजिनाला साजेसा, तो तसाच ठेवला तर एक्स्प्रेसवेला इंजिन उगाच जास्त फिरत राहणार. गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, ब्रेक हे वेगळंच. पुढच्या स्प्रिंगा तर कुणी मोजतच नाही! त्यांच्यावर रबरी पॅड असतात, त्यावर एक ते चार छोटे उंचवटे, जितके जास्त तितका पॅड जाड, म्हणजे कंपनी वजनाप्रमाणे उंची इतकी बारीक जुळवायची. त्याच स्प्रिंगांवर तुम्ही दोन सिलिंडर जास्तीचे ठेवणार, मग नाक खाली गेलं की म्हणणार शॉक गेले.

वायरिंगबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही, आणि खरा खड्डा तोच. १९९३ ते ९५च्या इंजिनांचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदनाम आहे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेल्या इंजिनाची वायर नुसती बोटाने वाकवून बघा, वरचं आवरण पापडासारखं मोडतं आणि आतलं तांबं उघडं पडतं. मग शॉर्ट, मग इंजिनाची हवा कमी-जास्त करणारा थ्रॉटलचा अ‍ॅक्चुएटर जातो, मग गाडी कधी नीट, कधी अडखळत, आणि मेकॅनिक प्लग बदलत बसतो. नवं हार्नेस घेतल्याशिवाय इंजिन उचलूच नका, त्याचे पैसे आधी धरा.

पोर्शेचं उदाहरण तर उलट माझ्याच बाजूचं आहे. ५००ई, म्हणजे याच डब्ल्यू१२४ची दांडगी आवृत्ती, तिच्यात ५ लिटरचं आठ सिलिंडरवालं व्ही८ बसवायचं म्हणून पुढचं सस्पेन्शन आणि ब्रेक मर्सिडीजच्याच ५००एसएल या स्पोर्ट्स गाडीचे घेतले, मडगार्ड फुगवली, बॅटरी डिकीत नेली, आणि गाडी इतकी रुंद झाली की मर्सिडीजच्या झिंडलफिंगनच्या लाईनवर मावेना, म्हणून कामाचा बराच भाग पोर्शेकडे झुफनहाउझेनला. एकेका गाडीला १८ दिवस लागायचे. म्हणजे खुद्द पोर्शेला दोन वीकेंडमध्ये जमलं नाही, आणि आपण भावाच्या गॅरेजात करणार.

आरटीओ. कळत नाही? १९९६च्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं, तिथे इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल करू नका, आणि कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खराब इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचं टाकून परवानगीने नंबर चढवणं वेगळं, २.२च्या जागी ३.२ वेगळं. आणि अ‍ॅक्सिडेंट झाला की इन्शुरन्सवाल्यांना क्लेम नाकारायला आयतं कारण.

किंमत डबल कुठे होते मला कुणी दाखवावं. जुनी मर्सिडीज घेणारा माणूस बॉनेट उघडून आधी नंबर बघतो, मग रंग. आरसीवर २२०० सीसी लिहिलेलं आणि आत सहा सिलिंडर दिसले की तो भाव पाडूनच बोलायला लागतो, आणि नावावर करून घेताना कागद अडकणार हे त्याला तुमच्या आधी माहीत असतं.